मुंग्यांनी खाल्लेला फ्रिज

माझ्या नणंदेनं मला फसवलं. माझ्याच स्वयंपाकघरातली, फ्रिजसाठी राखलेली जागा माझ्या डोळ्यांदेखत लाटली आणि दोष मुंग्यांवर ढकलला. फसवलं तरी थोरली नणंद, म्हणून पुढे आदरानंच लिहिते.

त्यांचं नाव अंबुजा. सगळे अंबुअक्का म्हणतात. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून एकट्या राहतात. अक्कांचा कागदावर विश्वास नाही. काहीही आणायचं ठरलं की ते आधी तांदळाच्या पिठानं जमिनीवर काढतात, आणि असेल तेवढंच मोठं काढतात. ह्यांनी एकदा स्कूटर घ्यायची म्हटली. अक्कांनी आमच्या दारात पिठाची स्कूटर काढली, वळवायला जागा नाही असं ठरवलं आणि पदरानं पुसून टाकली. ह्यांनी अजून स्कूटर घेतलेली नाही.

मी तशी कोणाचं ऐकून घेणारी नाही. सांडगे आणि सांबारपूड विकून धंदा उभा केला आहे. मला येताना बघितलं की ग्रॅनाइटवाला आधी पंखा लावतो आणि मग पोराला कॉफी सांगतो. स्वयंपाकघर नवं करायचं तेही माझ्या कमाईवर, म्हणून माझ्या मर्जीप्रमाणे. मला दोन दारांचा फ्रिज हवा होता, तोही खिडकीशेजारच्या कोपऱ्यात.

मॉड्युलर किचनवाल्यांचा माणूस मापं घ्यायला आला. त्याच्या यंत्रातून भिंतीवर लाल ठिपका पडायचा. अक्का त्या ठिपक्यामागून फिरल्या आणि म्हणाल्या, "अरे तंबी, ह्याचे गुडघे दुखतात का?"

"कोणाचे, पाटी?" त्यानं विचारलं. इकडे आजीबाईला पाटी म्हणतात.

"तुझ्या ठिपक्याचे. चुलीपासून मोरीपर्यंत दिवसभर जायचं आहे त्याला."

तो हसला आणि नुसत्या नकाशाचेही पैसे मागू लागला. मी त्याला वाटेला लावलं. अक्का म्हणाल्या, "मी काढते. फुकट."

इथंच मला संशय आला. फुकट हा शब्द बाजारात ज्यानं ज्यानं मला ऐकवला, त्याचा माल मी उलटापालटा करून बघते. पण नणंदेला उलटंपालटं करता येत नाही.

अक्का फुलं गुंफायचं केळीचं सोपट घेऊन आल्या. भिंत मोजायची, सोपटाला गाठ मारायची. ओटा मोजायचा, दुसरी गाठ. हे काम तासाभराचं, पण त्या रोज दुपारी येऊन कोपऱ्यात बसू लागल्या. मी किती तूप घालते ते बघत असणार, असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "अक्काला कुठंतरी बसायला हवं." मी तेही लक्षात ठेवलं.

मग गच्चीवर पिठाचं स्वयंपाकघर उमटलं. ओटा, मोरी, दार, सगळं खऱ्याएवढं. सकाळी उन्हाच्या आत अक्का मला त्यात उभं करायच्या.

"सांबार कर."

"कशात?"

"हे घे रिकामं पातेलं. चिंच कुठून घेतलीस? हां. आता ताटं वाढ. अगं, भिंतीतून काय जातेस, दारातून जा."

शेजारच्या गच्चीवरून मामींनी विचारलं, "शूटिंग आहे का?"

"हो," अक्का म्हणाल्या, "हिरॉईन जरा तापट मिळाली आहे."

पीठ तांदळाचं, त्यामुळे मुंग्या यायच्याच. अक्का रोज सकाळी रेघा पुन्हा काढायच्या, आणि रोज माझा फ्रिज थोडा बारीक व्हायचा.

"अक्का, मुंग्या फक्त फ्रिजच कसा खातात?"

"उन्हाळा आहे. त्यांनाही थंड बरं वाटत असेल."

शेवटी गवंड्याला गाठींची सोपटं मिळाली. मी उडदाच्या सौद्यासाठी तिरुवैयारुला गेले होते. परत येऊन बघते तर खिडकीशेजारी फ्रिजच्या जागी एक बुटकी दगडी बैठक. समोर भिंतीतून ओढून काढायची फळी, एक ताट मावेल एवढीच.

सगळं स्पष्ट झालं. अक्कांना एकटं राहायचा कंटाळा आला होता, आणि माझ्या घरात शिरण्याआधी त्यांनी बैठक बांधून घेतली होती. मी त्यांना हाताला धरून आणलं. म्हटलं, "बसा. तुमचंच आहे."

अक्का बसल्या. ठेंगणी बाई, पाय लहान पोरीसारखे लोंबकळू लागले. फळी गळ्याशी आली.

मग मी ह्यांना बसवलं. ह्यांचे गुडघे फळीत अडकले आणि डोकं वरच्या फडताळाला लागलं. मुलीला बसवलं, तर ती मोबाईल बघत तिरकी बसली आणि म्हणाली, "अम्मा, टोचतं."

"मग हे बांधलं कोणासाठी?" मी ओरडले.

"तू बस ना," अक्का म्हणाल्या.

मी बसले ते भांडायलाच. पाय जमिनीवर सपाट टेकले. पाठीला भिंत आली. फळी बरोबर हाताशी. खिडकीतून वारा येत होता.

"मला वाटलंच," अक्का म्हणाल्या. "गच्चीवर तू दमून कठड्यावर बसलीस ना, तेव्हा गुडघ्यापर्यंत सोपट धरलं होतं. तुला वाटलं, पडलेलं उचलते आहे." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रोज दुपारी बघत होते, लक्ष्मी. सगळ्यांचं झालं की तू ओट्याला टेकून पातेल्यातच कालवतेस. ताटसुद्धा घेत नाहीस."

अक्का चपला घालून निघून गेल्या. जेवून जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

फ्रिज आता हॉलमध्ये टीव्हीशेजारी उभा आहे आणि त्यावरून अक्कांशी माझं भांडण चालूच राहील. पण त्या रात्री हे पाटावर बसून रसम मागू लागले, तेव्हा मी उठले नाही. माझं ताट माझ्या फळीवर होतं.

म्हटलं, "रसम तिथं आहे, घ्या. आणि मला एक सांगा. जे अक्कांना गाठी मारता मारता दिसलं, ते ह्या घरात रोज माझ्या हातचं जेवणाऱ्यांना का नाही दिसलं? आधी तुम्ही सांगा, मग मुलीनं. मी बसून ऐकते आहे."