आधी भावना, मग लिफ्ट

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत कामं वेळेवर होत होती. अडचण तिथूनच सुरू झाली.

वार्षिक पाहणीत ग्राहकांनी कळवलं, की लिफ्ट बंद पडली तर माणूस येतो, दुरुस्त करतो आणि जातो. पण त्याला आमच्याविषयी काय वाटतं ते शेवटपर्यंत समजत नाही. एका इमारतीच्या सेक्रेटरींनी तर मेकॅनिक जिन्यात भेटला असता "जरा सरका" यापलीकडे काही बोलला नाही, अशी लेखी तक्रार केली होती. हा मेकॅनिक म्हणजे पक्कड. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं.

मालकांनी तक्रार मनावर घेतली आणि इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाईंनी सरळपणे शिकवलं. इंग्रजीत माणूस पुष्कळदा आधी आपल्याला कसं वाटतंय ते सांगतो, मग 'टू' म्हणतो, आणि त्यानंतर काम सांगतो. हॅपी टू हेल्प. सॉरी टू हिअर. ग्लॅड टू मीट यू. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले: भावना, टू, काम.

मालक मागच्या बाकावर बसले होते. ते उठून फळ्यापाशी गेले आणि बराच वेळ पहिल्या रकान्याकडे बघत राहिले.

"म्हणजे बाई, इतकी वर्षं आपण तिसऱ्याच रकान्यात राबत होतो," ते म्हणाले. "नुसतं थेट काम. किती रानटीपणा हा."

"तसं काही नाही हो," बाई म्हणाल्या. "ही नुसती बोलायची एक पद्धत आहे."

पण तोवर परिपत्रक तयार झालं होतं. यापुढे कोणतेही काम भावनेविना सुरू करण्यात येऊ नये. भावना प्रथम ग्राहकास कळवावी. भावना खरी असावी. खोटी भावना ही ग्राहकाची फसवणूक समजण्यात येईल. सोबत हुद्द्यानुसार तक्ता जोडला होता. शिपायांना 'हॅपी', कारकुनांना 'ग्लॅड', अधिकाऱ्यांना 'प्लीज्ड' आणि 'डिलाइटेड' फक्त मालकांना. हिशेब विभागातला एकजण चुकून ग्राहकाला बिल पाठवायला डिलाइटेड झाला, तेव्हा त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला. आपण भरात वाहवलो, असं त्यानं लिहून दिलं. 'सॉरी' मात्र सर्वांना खुलं होतं.

तीन महिन्यांनी परिणाम तपासले. ग्राहकांचे दोन गट केले होते. पहिल्या गटाला भावना कळवली आणि लिफ्टही दुरुस्त करून दिली. दुसऱ्याला फक्त भावना कळवली. दुसरा गट अधिक समाधानी निघाला. कारण उघड होतं. पहिल्या गटाला एकदाच फोन गेला. दुसऱ्याला लिफ्ट बंद असल्यामुळे रोज जात होता, आणि रोज कुणीतरी त्यांच्यासाठी सॉरी होत होतं. एका ग्राहकानं तर, माझ्या सख्ख्या मुलानंही इतकी विचारपूस कधी केली नाही, असं कळवलं.

निष्कर्ष शास्त्रशुद्ध होता, त्यामुळे अंमलबजावणीही तशीच झाली. भावना विभाग उघडला. त्याला वातानुकूलित खोली, कोपऱ्यात कुंडी आणि एक भावना अधिकारी मिळाला. या खर्चासाठी मेकॅनिक कमी केले. शेवटी एकटा पक्कड उरला.

अशातच एका दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिका लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांना सहाव्या मजल्यावर सोनोग्राफीसाठी जायचं होतं. तपासणीच्या आधी भरपूर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुख्याध्यापिकांनी आयुष्यभर सूचना पाळायला लावल्या होत्या, त्यामुळे स्वतःही पाळल्या. पाण्याच्या दोन बाटल्या रिचवून त्या लिफ्टमध्ये शिरल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. आत मदतीचा नंबर लिहिलेला होता.

"नमस्कार मॅडम," फोनवर मुलीचा गोड आवाज आला. "आम्ही तुम्हाला मदत करायला हॅपी आहोत."

"राहा बाई हॅपी. पण माणूस पाठव. मी लिफ्टमध्ये अडकलेय."

"हे ऐकून आम्ही सॉरी आहोत."

"आत्ता तर हॅपी होतीस."

"हो मॅडम. मदत करायला हॅपी, ऐकायला सॉरी. दोन्ही एकदम चालतं, तसं शिकवलंय आम्हाला."

"माणूस कधी येतोय?"

"त्याची भावना आली की लगेच."

मुख्याध्यापिकांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग त्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला फार वेळ थांबता येणार नाही. पाणी पिऊन आलेय मी. कळतंय का तुला?"

मुलीला कळलं. तिनं लगेच आतल्या खोलीत निरोप दिला आणि पक्कडला बोलावणं गेलं.

पक्कड हत्यारांची पिशवी खांद्याला लावूनच भावना विभागात आला. "कुठं आहे लिफ्ट? निघतो मी."

"निघा की," भावना अधिकारी म्हणाले. "काय वाटून निघताय?"

"वाटायचंय काय त्यात? म्हातारी बाई अडकलीय. मी रेडी आहे."

"रेडी ही भावना नव्हे, अवस्था आहे. टॅक्सीसुद्धा रेडी असते."

"बरं, मग हॅपी लिहा."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुढे सरकवून त्याचा चेहरा निरखला. "तुम्ही हॅपी दिसत नाही."

"माझं तोंडच असं आहे, साहेब."

"असेल. पण उद्या ग्राहकानं विचारलं, की तुमचा माणूस खरंच हॅपी होता का, तर मी काय सांगू? बसा. पडताळणी करू."

पडताळणीसाठी आणखी दोघांना बोलावून समिती बसवली. एकानं पक्कडला हसायला सांगितलं. तो हसला. समितीनं एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा हसू नका असं सुचवलं. दुसऱ्यानं, बालपणीचा एखादा सुखाचा प्रसंग आठवा, म्हटलं. पक्कडनं डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत, तेव्हा त्याला झोप लागली की काय अशी शंका आली.

"मला वैताग आलाय," पक्कड डोळे न उघडता म्हणाला. "हे खरं आहे. हे लिहा आणि सोडा."

"वैतागून जाणं तक्त्यात नाही."

मधल्या वेळेत मुख्याध्यापिकांचा तिसरा फोन येऊन गेला होता. त्या आता लिफ्टमध्ये एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. मालकांना फोन द्या, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, म्हणून मालक स्वतः लाइनवर आले.

"आपल्याशी बोलायला मी डिलाइटेड आहे," मालक म्हणाले.

"तुमच्या मेकॅनिकला अजून काही वाटलं नाही म्हणे."

"पडताळणी चालू आहे, मॅडम. दर्जाच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही."

"हे बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चाळीस वर्षं वर्गातली मुलं करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागत होती माझ्याकडे. मी एकालाही विचारलं नाही, की बाळा, तू कुठल्या भावनेनं जातोयस."

मालकांना हे फार मार्मिक वाटलं. हे वाक्य प्रशिक्षणात वापरायला मिळालं तर ते आभारी राहतील, असंही त्यांनी सांगितलं.

इकडे फोनवरची मुलगी उठून भावना विभागाच्या दारात येऊन उभी राहिली. "पक्कडकाका," ती हळूच म्हणाली, "त्या आता बोलत नाहीयेत. नुसत्या पाढे म्हणतायत."

पक्कड उठला. "साहेब, मी नोकरी सोडतो."

भावना अधिकाऱ्यांनी सवयीनं पेन उचललं. "काय वाटून?"

पक्कडनं क्षणभर विचार केला. मग त्याचा चेहरा हळूहळू उलगडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गालाला एक खळी पडली. ती खळी कंपनीत कुणी कधी पाहिली नव्हती.

"हॅपी," तो म्हणाला.

विभाग स्थापन झाल्यापासून पडताळणीत पूर्ण उतरलेली ही पहिलीच भावना होती. राजीनामा जागच्या जागी मंजूर झाला. एका सदस्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशामुळे, याची नोंद वेगळी घेण्यात आली.

आता पक्कड कंपनीचा कुणी नव्हता, त्यामुळे त्याला काही वाटण्याची गरज उरली नव्हती. मुलीकडून पत्ता घेऊन तो तडक त्या इमारतीत गेला, वरच्या यंत्राच्या खोलीत शिरला आणि हातानं चाक फिरवून लिफ्ट चौथ्या मजल्याला लावली. खाली येऊन त्यानं दार उघडताच मुख्याध्यापिका बाणासारख्या बाहेर पडल्या.

"जरा सरका," त्या म्हणाल्या.

पक्कड सरकला. दोघांमध्ये याहून अधिक बोलणं झालं नाही आणि कुणाला कमीही वाटलं नाही. थोड्या वेळानं सहाव्या मजल्यावर सोनोग्राफीवाल्या बाईंनी मुख्याध्यापिकांना तपासलं, नाराजीनं मान हलवली आणि पाण्याच्या दोन बाटल्या पुढे केल्या.

पक्कड आता स्वतंत्रपणे कामं करतो. म्हणजे, करायला तयार आहे. मागच्या आठवड्यात तो तुमच्याही इमारतीत येऊन गेला. तुमच्या लिफ्टचा दोर कुठं झिजलाय ते त्यानं दाखवलं, कंपनीपेक्षा कमी पैसे सांगितले आणि जिन्यानं निघून गेला. त्यावर तुम्ही सगळ्या रहिवाशांची बैठक घेतलीत. त्या मुख्याध्यापिकांची हकीकत कुणीतरी सांगितली, तेव्हा तुम्ही मनापासून हळहळलात. तशी हळहळ तक्त्यातही सापडणार नाही. मग तुम्ही कंपनीचंच कंत्राट आणखी वर्षभर वाढवलंत. फोनवरची ती मुलगी खरंच फार गोड बोलते, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. बैठक संपली आणि सगळे मिळून लिफ्टमध्ये शिरलात.