पँतेलीकडची माणसं

जावयाच्या नामदिनाला जावयाकडचं काळं कुत्रंही फिरकत नाही, हे पोलिक्सेनीबाईंनी गेल्या अकरा वर्षांत ग्रीसमधल्या कावाला बंदराच्या वरच्या आळीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

संत पँतेलेइमोनचा दिवस म्हणजे त्या नावाच्या प्रत्येकाचा सण. वाढदिवस गेला खड्ड्यात, नामदिन चुकायचा नाही. बोलावणं कुणी धाडत नाही. दार सताड उघडं ठेवायचं, येईल त्याला बसवायचं, खाऊ घालायचं. ‘आपण कोण?’ असं विचारणं म्हणजे आलेल्याच्या तोंडावर दार आपटणं. पँतेली हे त्याच नावाचं लहान रूप, म्हणून जावई पँतेलीकडे दरवर्षी चाळीस माणसं यायची आणि चाळीसच्या चाळीस बायकोकडची असायची.

पँतेली बंदरात जहाजांचे दोर बांधायचा. त्याचं गाव लांब डोंगरात, आईबाप गेलेले, उरलेला एक चुलतभाऊ स्ताथिस मेलबर्नला. यंदा तो येणार म्हणून पँतेली महिनाभर छाती काढून फिरत होता. आणि आज सकाळी, बंदरावर एक प्रवासी जहाज बांधत असताना, स्ताथिसचा फोन आला. गुडघा सुजलाय, पुढच्या वर्षी बघू. हे घरी सांगायला पँतेलीची जीभ रेटेना.

चार वाजता बैठक भरली. पोलिक्सेनीबाईंची धाकटी बहीण अस्पासिया सोफ्यावर ऐसपैस बसली होती.

“काय पँतेली, तुझा भाऊ ऑस्ट्रेलियाहून पोहत येतोय का?”

“येईल की मावशी. पल्ला लांबचा आहे.”

“असेल असेल. अकरा वर्षं लागली म्हणजे लांबचाच असणार.”

सगळे हसले. पँतेलीने बशीतलं कलिंगड उगाच सरळ केलं. आज हसं होणार, आणि ते पुढची अकरा वर्षं पुरणार, हे त्याला दिसत होतं.

तेवढ्यात दारात एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला, अर्ध्या चड्डीतला माणूस उभा राहिला. पँतेलीने सकाळी त्याला जहाजावरून उतरताना पाहिलं होतं. दोन घरं सोडून जुन्या काळच्या घरसंसाराचं संग्रहालय होतं. इथलं उघडं दार आणि आतबाहेर करणारी माणसं बघून गडी हेच ते समजून आत शिरला. हातात बदामाच्या बिस्किटांची पेटी होती, जी कावालाला आलेला प्रत्येक प्रवासी घरी नेतो. ‘संग्रहालय पुढे आहे’ असं सांगायला पँतेलीने तोंड उघडलं, पण पोलिक्सेनीबाई त्याच्या आधी पोचल्या. त्यांनी पेटी काढून घेतली, त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बैठकीकडे वळून म्हणाल्या,

“हा बघा आला स्ताथिस.”

पँतेलीने तोंड मिटलं. तिथेच सगळं झालं. पुढे फक्त निस्तरणं होतं.

“येन्स,” पाहुणा छातीवर हात ठेवून म्हणाला.

“तिकडे नाव बदललं त्याने,” पँतेली म्हणाला.

“आणि बोलत का नाही?” अस्पासियाने विचारलं.

“लहानपणीच गेला. भाषा विसरला बिचारा.”

बिचारा घरभर हिंडला. त्याने चुलीचे फोटो काढले, कपाट उघडून चादरी पाहिल्या, भिंतीवरच्या लग्नमुकुटांपुढे हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला. “रक्ताची ओढ,” कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. मग त्याने पोलिक्सेनीबाईंना खिडकीशी उभं करून त्यांचा पुढून आणि बाजूने फोटो घेतला, तीन बशा पालकाची पाई खाल्ली आणि पाचला खूश होऊन गेला. पँतेलीचा जीव भांड्यात पडला.

सहाला तो परत आला. त्याच्यासोबत आणखी तेरा माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात बिस्किटांची पेटी. पेटी दिली की आत घेतात आणि जेवण मिळतं, एवढं तो शिकून गेला होता.

“हे सगळे?” अस्पासिया म्हणाली.

“स्ताथिसचे भाऊबंद.”

“आणि ते जपानी जोडपं?”

पँतेलीने घाम पुसला. “ते त्याच्या सुनेकडचे.”

बायकोकडच्यांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. अस्पासियाला सोफा सोडून दाराशी उभं राहावं लागलं, आणि हातातली बशी एका चष्मेवाल्याने प्रदर्शनातली समजून न्याहाळली. सव्वासातला बंदरात भोंगा झाला. पँतेलीचं सारं गणगोत एकदम उठलं, सगळ्यांशी हात मिळवून उताराला लागलं. पाहुणे पांगले.

पँतेली गच्चीत गेला. खाली त्याची माणसं ओळीने जहाजावर चढत होती. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आता मात्र बोलायलाच हवं होतं.

“आई, तो स्ताथिस नव्हता.”

“ठाऊक आहे. सकाळी स्ताथिसने आधी घरी फोन केला होता. तुझा नंबर मीच दिला त्याला.”

“मग तुम्ही त्याला…”

“अकरा वर्षं तुला बोलले ती मी बोलले. तो माझा हक्क आहे. अस्पासियाने का म्हणून हसावं?” त्यांनी जहाजाकडे बघून हात हलवला, तिकडून कुणीतरी हलवला. “आता बस इथे आणि बाकी तेरा जणांची नावं ठरव. नाहीतर उद्या अस्पासिया विचारायला येईल, तेव्हा तू एक सांगशील आणि मी एक.”