विष्णुपंतांची गॅरंटी

आमच्या शेजारचे विष्णुपंत स्वतःच दिलेल्या गॅरंटीला इतके घाबरत, की माल विकला त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट असेल. नगरच्या लिलावांतून ते पिनबॉलची जुनी यंत्रं घेत. काचेखाली लोखंडी गोळी. दांडा ओढून सोडला की ती दिवे लावत, घंट्या वाजवत खाली येणार. पंत ती दुरुस्त करून हॉटेलवाल्यांना विकायचे आणि सहा महिन्यांची लेखी गॅरंटी द्यायचे. कुणी मागितलेली नसायची. "माणसानं जबाबदारी घ्यावी," असं म्हणायचे आणि लगेच कपाळ पुसायचे, "पण स्प्रिंगचं काय सांगावं हो?"

मिरजगावच्या रखमाजींनी हॉटेलसाठी एक यंत्र घेतलं. झालं! दर रविवारी पंत पिशवीत पेचकस टाकून एसटीनं मिरजगावला. घरी तसे ते एकटेच. पत्नी जाऊन चार वर्षं झालेली.

एकदा मीही बरोबर गेलो. बघतो तर यंत्र गप्प, एक दिवा नाही. पंत पांढरेफटक. "गेली! कॉइल गेली! रखमाजी, दुसरं देतो, उद्याच देतो..." मागची फळी काढून ते अर्धे आत शिरलेसुद्धा.

"पंत, भाईर या," रखमाजी म्हणाले. "लाईट गेलीय. सकाळधरनं आख्ख्या गावात न्हाई."

तरी पंतांना धीर धरवेना. वीज येईपर्यंत दोन तास ते काचेवर हात ठेवून बसले, तापानं फणफणलेल्या माणसाजवळ बसावं तसे. घंटी वाजली तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

मुदत संपली त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. म्हटलं, आज सुटतील बिचारे.

रखमाजींनी कागद परत दिला. "एकदाबी बिघडलं न्हाई बगा. आता कशाला हेलपाटे घालताय?"

पंत कागदाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणखी सहा महिन्यांची लिहून देऊ का?"

"कागूद कशाला? रविवारी आसंच येत जावा की."

"छे छे, उगाच कसं येणार? काही काम नको का?"

रखमाजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गल्ल्यावरचं पेन उचलून पुढं केलं.

"मंग वरीसभराची लिवा," ते म्हणाले आणि आत वळून हाक दिली, "पंतांचं ताट वाढा गं!"