साथीविना गायनाची नोंद

आमच्या नगरपालिकेत शब्दाचा जो अर्थ नोंदवला जातो, तो त्याच दिवशी दुपारी चारपासून गावात खरा होतो. नोंदी करणारा कारकून मी होतो. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकच नोंद चुकली.

इंदुमती आणि दिगंबर खरशीकर हे निवृत्त शिक्षक दांपत्य सभागृहासाठी अर्ज घेऊन आलं होतं. कार्यक्रमाच्या प्रकारापुढे लिहिलं होतं, 'साथीविना गायन'. हा शब्द आमच्या नोंदवहीत नव्हता.

"म्हणजे माईक नको?" मी विचारलं.

"माईक हवा की. पेटी-तबला नको," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"पेटी मिळत नसेल तर पालिकेची आहे."

"मिळते हो. पण आमचं गाणंच तसं बसवलंय. हे खालच्या सुरात, मी वरच्या."

जेवणाची सुट्टी झाली होती. मी लिहिलं, 'साथीविना गायन: एकट्याने केलेले गायन', आणि शिक्का मारला.

"अहो, एकट्यानं नव्हे," दिगंबरराव म्हणाले. "साथ वाद्यांची नाही. आम्ही दोघं आहोत."

"साथ नाही म्हणजे एकटं. त्यात एवढं काय?" म्हणून मी डबा उघडला.

रविवारी सभागृहात बाईंनी पहिला सूर लावला आणि शेजारी उभे असलेले दिगंबरराव नाहीसे झाले. बाई घाबरून थांबल्या, तसे ते जागेवर परत आले. मग दिगंबररावांनी सूर लावून पाहिला, तर बाई नाहीशा झाल्या. नोंद झालेली होती, त्यामुळे श्रोत्यांत कुणी नवल केलं नाही.

सोमवारी दोघं दुरुस्तीचा अर्ज घेऊन आले. नियमाप्रमाणे नवा अर्थ अधिकाऱ्यांसमोर सिद्ध करावा लागतो, म्हणजे दोघांनी एकत्र गाऊन दाखवायचं. ते शक्यच नव्हतं. अर्ज फेटाळला गेला.

शेजाऱ्यांनी आपली पेटी आणून दिली. पेटी वाजत असली की दोघंही जागेवर राहत. तरी पंधरा दिवसांत त्यांनी ती परत केली.

"पेटीच्या आवाजात हिचा श्वास ऐकू येत नाही," दिगंबरराव मला बाजारात म्हणाले. "मी त्यावरच तर गातो." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे सहा वर्षं सकाळी ते गायचे, दुपारी बाई. एकमेकांचं गाणं काही त्यांना पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

मी दर महिन्याला वरिष्ठांना लिहीत राहिलो. सातव्या वर्षी अट शिथिल झाली आणि दुरुस्तीचा आदेश निघाला. अर्जदाराच्या हाती कागद पडला की जुना अर्थ रद्द होणार होता. दिगंबरराव जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते.

मी आदेश घेऊन त्यांच्या घरी गेलो. इंदुमतीबाई मेथी निवडत गात होत्या. त्यांनी मानेनंच मला बसायला सांगितलं. गाणं थांबेना. एक कडवं संपायच्या आत त्या दुसरं धरत होत्या. आवाज पार बसला होता.

बऱ्याच वेळानं, चाल न मोडता, त्याच सुरात त्यांनी मला विचारलं, "मी गाते तोवर हे दिसायचे नाहीत, असाच नियम आहे ना?"

"होय," मी म्हणालो.

आदेश खिशातच ठेवला आणि समोरची थोडी मेथी पुढ्यात ओढून घेतली.