अर्ध्या कोयत्याची मोहीम

माळावर वाळलेल्या बोरी. एक कोट, काखेत उसवलेला. "जागा नाही" अशी पाटी, रंग अजून ओला. भिंतीवर फोटो: काळा डगला, हातात कागदाची सुरळी, मागे रंगवलेले सरोवर. हुलग्याचे माडगे, पाण्यासारखे पातळ. एक कोयता, मुठीला लाल चिंधी.

हे सर्व एके ठायी मांडून, कुलस्वामीस दंडवत घालून, हकीकत लिहिली ऐसीजे. शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर. पर्जन्याने पुन्हा दगा दिला, विहिरींनी तळ दाखविला, आणि सरकारने नोकरभरतीस कुलूप घालून किल्ली कोठे ठेविली याचा सरकारासच विसर पडला. ऐसे समयी पाथर्डी तालुक्यातून राजश्री आसारामजी, पदवीबहाद्दर, इतिहास विषय घेऊन बी.ए., चाकरीच्या मोहिमेवर निघाले.

पहिली स्वारी नगरावर. कोट चढविला, आणि एस्टीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभे राहून मजल मारिली, आणि मग पायी कूच करून एका कचेरीपुढे आले, तो अवघी पदवीधरांची फौज तळ देऊन बसलेली. प्रत्येकाच्या अंगी कोट, प्रत्येकाचा काखेत उसवलेला. आतून शिपाई बाहेर आला. हा मोठा मातब्बर सरदार, चौथी नापास, परंतु कायम. त्याने विडी शिलगावून फर्मान काढिले: "सायेब म्हनले, उद्या या. उद्या मी न्हाई. परवा या."

फौज पांगली. मग आसारामजींनी छापखान्यावर चाल केली, आणि तेथून हटून एका पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या दिवाणखान्यावर चाल केली, आणि मेहुण्याने पान चघळत अभय दिले की काम झालेच समजा. आसारामजी झालेच समजून घरी आले, आणि तसेच समजत त्यांनी पावसाळा, म्हणजे जो आलाच नाही तो, घालविला. दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेले, तर तेथे वशिल्याची माणसे आधीच हातोडे घेऊन बसलेली. इकडे मातोश्री राहीबाई एक भाकरी दोन ताटांत मोडू लागल्या, आणि मोठा तुकडा कोणाच्या ताटात पडतो हे आसारामजी पाहून न पाहिल्यासारखे करीत.

कार्तिकात ऊसतोडीचा मुकादम गहिनीनाथ ट्रक घेऊन गावच्या पारापाशी दाखल जाहला. जिल्ह्यातला ऊस उभाच करपला होता, कारखान्यास टोळ्या थोड्याच हव्या होत्या. म्हणून मुकादमाने फुटबोर्डावर चढून हुकूम जाहीर केला: "औंदा पुरा कोयता आसंल त्यानंच गाडीत बसा. अर्धा घेनार न्हाई!"

पुरा कोयता म्हणजे जोडी. बाप्याने ऊस तोडावा, बाईने मोळी बांधून डोईवर वाहावी, हा पूर्वापार शिरस्ता. एकटे माणूस अर्धा कोयता, मग ते बी.ए. का असेना. आसारामजींनी पुढे होऊन शुद्ध भाषेत अर्ज गुदरला की, टोळीच्या हिशोबासाठी एक सुशिक्षित इसम ठेवणे उपयुक्त ठरेल.

"मास्तर," मुकादम म्हणाला, "ऊस काय परीक्षेला बसनार हाय का?"

ट्रक हसला. तोच चाकाला टेकून बसलेली मनकर्णा आत्या उठली. ती विधवा, म्हणून तीही अर्धीच, आणि सकाळपासून तिला तीनदा हाकलले होते.

"आसाऱ्या, हिकडं ये. तोडता येतं का?"

"नाही, आत्या."

"मग मी तोडते. मोळ्या तू व्हायच्या."

भाच्याने डोईवरचे ओझे टळावे म्हणून मोठा मुत्सद्दीपणा करून कोयता मागण्यास हात पुढे केला. आत्याने लाल चिंधीची मूठ पदराखाली घेतली. "ह्याला हात लावायचा न्हाई."

मुकादम हवालदिल जाहला. "आगं मनकर्णे, बाई तोडनार आन बाप्या डोक्यावर व्हनार? कारखान्यावर तोंड कसं दाखवू?"

"तोंड तुजं. दाखव न्हाईतर झाक. ऊस तुटल्याशी मतलब."

"मंग उचलू दे त्याला," मुकादम म्हणाला, आणि आत्याच्या लोखंडी पेटीकडे बोट दाखविले. तीत पीठ, मीठ, तवा, सारा संसार. अवघा गाव पाहत होता. पाराच्या कडेला राहीबाईही होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

आसारामजींनी कोट काढिला. ज्याने कचेऱ्या पाहिल्या, मेहुण्याचे पान पाहिले, तो कोट त्यांनी पिळला, गोल केला, त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेविली आणि पेटी उचलली. मान वाकडी जाहली. कोणी म्हणाले, "सूनबाई, पदर सांभाळा!" तेव्हा गाव पुन्हा हसला, आणि पेटी ट्रकात चढली.

ऐसी मोहीम फत्ते जाहली. मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीतून राहीबाईंच्या घरी ज्वारीचे पोते पडले, पदवीबहाद्दरांस एका शेळीशेजारी बैठक मिळाली, आणि इतिहास विषय घेऊन उत्तीर्ण जाहलेल्या इसमास अखेर चाकरी लागली, हे सर्वांस जाहीर व्हावे म्हणून येथे नोंदविले.

चिंधी कोंडीरामच्या पटक्याची होती. मनकर्णेचा हा नवरा मागल्या माघात उसाने भरलेल्या गाडीखाली सापडून मेला.