फर्दापुराकडील नर्सबाई नकाशावरून सोडविल्याची हकिकत

श्री. शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी औरंगाबाद शहरी देशाच्या आरोग्याचे भविष्य ठरविण्याची थोर मोहीम जाहली, तिची हकिकत पुढिलांस ठाऊक असावी म्हणोन हे लिहिणे. काही डोळां देखिले, काही खात्रीच्या तोंडून ऐकिले, पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही.

ऐसियास, दिल्ली दरबारातून फर्मान आले की, सन दोन हजारापावेतो हरएक रयत निरोगी जाहली पाहिजे, त्याचा आराखडा जिल्ह्याजिल्ह्याने पाठवावा. पंधरा वर्षे हाती होती. काळ तर असा की, वाळूजच्या माळावर कारखाने उठत होते, आणि खेड्यांतला माणूस त्यांत भरती होत होता, आणि यंत्रात बोटे देऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बसत होता. त्याजकडे पाहण्यास कोणास फुरसत नव्हती, कारण पाहणारे भविष्य पाहत होते.

मग आराखड्यासाठी नेमिलेल्या समितीचे अध्यक्ष राजमान्य राजेश्री तात्यासाहेब, तीन जीपगाड्या, बारा अंमलदार आणि सतरंजीपासून सुपारीपर्यंत सारा लवाजमा घेऊन उस्मानपुऱ्यात एका मंगल कार्यालयी डेरेदाखल जाहले. गुलमंडीहून हिरवे कापड आणून मेजावर अंथरले, आणि मसलत सुरू जाहली ती नावापासून. गावच्या दवाखान्यास उपकेंद्र म्हणावे की आरोग्यधाम, यावर दोन दिवस रण माजले, आणि तीन वेळा नाव फिरले, आणि कोणाचा केस वाकडा जाहला नाही. याच मुलुखात विद्यापीठाच्या एका नावापायी सात वर्षांमागे गरिबांची घरे जाळली, माणसे मारली, आणि ते नाव अद्याप दिले नव्हते. हे लिहिताना आमचा हात जड होतो. दवाखान्याचे आरोग्यधाम करावयास मात्र दोन वेळची जेवणे पुरली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तिसरे दिवशी नकाशा आणविला. जेथे नर्स हजर तेथे तांबडा ठिपका, ऐसा तो दोन पुरुष लांब. परंतु कार्यालयाच्या मालकाने भिंतीस खिळा ठोकण्यास साफ मनाई केली. पेच मोठा पडला. मग तात्यासाहेबांनी अक्कल चालविली आणि हुकूम सोडला की, दोन नर्सबाया बोलावून नकाशा दोहों टोकांनी धरवावा. एक शहरातच सापडली. दुसरी फर्दापुराअलीकडच्या धनगरांच्या वाडीवरून जीप धाडून आणविली, नाव सत्यभामाबाई, दहा वर्षे त्या डोंगरात पायी फिरलेली. तिने दवाखान्यास कुलूप लाविले आणि शहरी येऊन नकाशाचे उजवे टोक धरून उभी राहिली. तिच्या बोटांपाशीच तिच्या वाडीचा तांबडा ठिपका होता.

इकडे वाडीवर पारूबाई म्हणून मेंढपाळ मल्हाररावाची बायको, तिचे दिवस भरले होते. मागले लेकरू, नर्सबाई अशाच एका सभेस नेली असता, अडून दगावले होते. चौथे दिवशी पहाटे पारूबाईची पाठ दुखू लागली, आणि दवाखान्यास कुलूप पाहून तिची सासू राजाबाई पहिल्या एसटीने निघाली, ती सभेचा ठिकाणा पुशीत दहाच्या सुमारास कार्यालयी दाखल जाहली. फौज एकटी, आणि शस्त्र म्हणावे तर भाकरीचे फडके.

दारी कारकून बद्रीनाथ आडवा जाहला की, येथे लग्न नाही, सभा आहे. राजाबाई म्हणाली, "मला काय अक्षता टाकायच्या नायत. आमची बाई द्या." आतून हुकूम आला की, आराखडा पुरा होईतो नकाशा सुटणार नाही. मग म्हातारी जोडे ठेवण्याच्या जागी बसली, आणि भाकरीचे फडके तिने सोडले नाही, आणि जीव सारा सुनेपाशी. कोणी पाणी विचारले नाही.

दुपारी बाराच्या सुमारास समितीवर आकाश कोसळले. फर्मानाचे शेवटले कलम तेव्हा कोठे वाचिले गेले. त्यात लिहिले होते की, आराखड्यावर एका ग्रामीण महिला लाभार्थीची संमती अवश्य. बारा अंमलदारांत ग्रामीण कोणी नाही, महिला कोणी नाही, आणि लाभ सर्वांस होत असून लाभार्थी म्हणवून घेण्यास कोणी राजी नाही. तेव्हा बद्रीनाथास जोड्यांजवळची म्हातारी आठवली. तीस मानाने आत नेले, खुर्ची दिली, चहा दिला, शाईची डबी पुढे केली.

राजाबाईने अंगठा शाईत बुडविला आणि तसाच वर धरिला. नकाशाकडे पाहून पुसले, "बाई, ह्यो तांबडा ठिपका काय म्हणतो?"

सत्यभामाबाई म्हणाल्या, "तुमची वाडी आहे मावशी. तिथं नर्स हजर आहे, असं म्हणतो."

"व्हय? मग हितं कोण हुबी हाय?"

बारा अंमलदारांनी बारा दिशांस पाहिले. तात्यासाहेबांनी आज्ञा केली की, आधी अंगठा व्हावा, शंका मागाहून. राजाबाई म्हणाली, "लई वेळ बसले सायेब. माझ्या सुनंचं एक लेकरू तुमच्या असल्याच सभेपायी गेलं. दुसरं नाय देणार. बाई सोडा, मग अंगठा. नायतर ही शाई मी पदराला पुसते."

अंगठ्यावर शाई वाळू लागली, आणि दिल्लीचे टपाल निघण्याची वेळ जवळ आली. बारा अंमलदारांनी एका अंगठ्यापुढे हत्यारे टाकिली. तह जाहला, अंगठा उठला, नर्सबाई सुटली. नकाशाचे उजवे टोक तात्यासाहेबांनी खासा आपल्या हाते धरिले. चार दिवसांत त्यांच्या हातून जाहलेले हे पहिले काम.

दोघी दोनच्या गाडीने निघाल्या आणि दिवस मावळता वाडीवर पोहोचल्या. मूल पायाळू होते. सत्यभामाबाईंनी हातपाय धुतले आणि आत गेल्या, आणि घटकाभराने मुलगी जाहली, आणि ती रडली, ती वाडीभर ऐकू गेली. राजाबाई तोवर उंबऱ्याबाहेर कोरड्या डोळ्यांनी उभी होती, ती मग पोटभर रडली.

समितीने फत्ते दफ्तरी लिहविली ती ऐशी की, आराखडा एकमते मंजूर जाहला, आणि ग्रामीण महिलेने स्वखुशीने संमती दिली, आणि त्याच दिवशी वाडीवर एक अवघड बाळंतपण सुखरूप पार पडले, सबब ते आराखड्याचे पहिले यश मानावे. खाली तात्यासाहेबांचा शेरा की, नर्स सत्यभामा ही सभा चालू असता नकाशावरून गैरहजर राहिली, तिचा खुलासा घ्यावा.

बाईंनी खुलासा लिहिला, "गैरहजर नव्हते. कामावर गेले होते."

खुलासा असमाधानकारक ठरला आणि तिच्या चाकरीच्या पुस्तकात तांबड्या शाईने नोंदविला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.