शॉर्टस्टॉपचं साटंलोटं

विनायकने आयुष्यात एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही. हे त्याचं स्वतःचं मत आहे आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सिंगापूरच्या तुआस भागातल्या त्याच्या कारखान्यात मशीन बंद पडलं तर चूक मशीनची. घरी भात करपला तर चूक कुकरची. आणि त्याचा सॉफ्टबॉलचा संघ अख्ख्या मोसमात एकही सामना न जिंकता तळाला गेला, तर चूक अर्थातच खेळाडूंची.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच घरगुती रूप. चेंडू जरा मोठा, मैदान जरा लहान, भांडणं तेवढीच. सिंगापूरला आल्यावर विनायकने इथल्या मराठी मंडळींना गोळा करून बायका-पुरुषांचा एक मिश्र संघ उभा केला होता. राहत्या भागावरून नाव 'क्लेमेंटी काजवे'. हे नाव ठेवताना अंधारात चमकणं त्याच्या डोक्यात होतं; अधूनमधून चमकून विझणंही त्यात येतं, हे नंतर कळलं. लीगचा नियम असा, की लागोपाठ दोन मोसम तळाला राहिलेला संघ बाहेर. एक मोसम झाला होता. काजवे गेले असते तर विनायकच्या जीवनात शनिवार-रविवारी पडदे धुण्याखेरीज काही उरलं नसतं. चेष्टा सोडा, त्याचा त्या संघावर खरोखर जीव होता.

संघात खेळाडू म्हणावेत असे दोनच. एक वरद, विद्यापीठात पोस्टडॉक करणारा अबोल मुलगा, संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. दुसरी विभा, विनायकची मेहुणी, वन-नॉर्थला एका लॅबमध्ये कामाला. ती शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून येईल तो चेंडू अडवायचा. बाकीचे चेंडू आला की आधी चष्मा सांभाळायचे.

"आता मोडायचं आणि नव्याने बांधायचं," एका सकाळी चहा घेता घेता विनायकने बायकोला जाहीर केलं. "अमेरिकेत मोठमोठे संघ हेच करतात. चांगले खेळाडू मागणी आहे तोवर देऊन टाकायचे, बदल्यात तरुण पोरं घ्यायची. थोडे दिवस मार खायचा, मग कप."

"मार तर आपण आत्ताही खातोय," मधुमती म्हणाली. "चांगले खेळाडू असताना."

"म्हणूनच."

"मग ते दिल्यावर काय खाणार?"

असल्या बारीकसारीक शंकांना विनायक उत्तर देत नाही. तो फोन घेऊन स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालतात तिथे गेला आणि त्याने जगदीशला फोन लावला. जगदीश त्याचा जुना मित्र, तांजोंग पगारच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आणि 'गरुड' नावाच्या संघाचा कॅप्टन. विनायकची मसलत गुप्त होती, पण आवाज कारखान्यातला होता. आणि स्वयंपाकघरात, दोन हातांवर, त्याच्या सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

कमलाबाई नाशिकहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. चांगी विमानतळावरचा धबधबा बघून झाला होता, आता मन दोनच गोष्टींत होतं: धाकट्या विभाचं लग्न आणि नाशिकला असलेल्या मुलाचं, उन्मेषचं लग्न. दोघंही विषय काढला की उठून जात.

"जगदीश, सरळ साटंलोटं करू," विनायक फोनवर सांगत होता. "आमची विभा तुमच्याकडे, तुमची निहारिका आमच्याकडे."

मेथीची जुडी हातातच राहिली.

"अरे, तुझा समीर आहे ना? समीर आणि विभा, काय जोडी जमेल बघ. मुलीत खोट काढायला जागा नाही. पण मी तुला खरं सांगतो, वय बघता आत्ता दिली तर दिली. अजून दोन वर्षांनी कोणी विचारणार नाही. बरं, ये मग रविवारी पोरांना घेऊन. बघाबघी करू, तिथेच पक्कं करू."

कमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली लेक तिकडे आणि त्या घरची लेक आपल्या उन्मेषला! चार वर्षं त्या विवाहमंडळांचे उंबरे झिजवत होत्या, आणि इथे जावयाने वाळत घातलेल्या कपड्यांत उभं राहून दोन्ही पोरांचं जमवलं होतं.

"विनायकराव," त्या आत आलेल्या जावयाला हळूच म्हणाल्या, "विभाचं ठरवताय ना?"

विनायक दचकला. "तुम्ही ऐकलंत? आई, तिला इतक्यात सांगू नका हं. चिडेल."

"मी कशाला सांगतेय. घर कसं आहे?"

"चांगलं मुरलेलं आहे. मागच्या वर्षी उपविजेते."

हे उत्तर कमलाबाईंना नीटसं लागलं नाही, पण पूर्वीची माणसं 'खानदानी' म्हणायची तसं काहीतरी इथे 'उपविजेते' म्हणत असतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

रविवारी सकाळी जगदीश भाचरांना घेऊन आला. समीर आणि निहारिका ही त्याच्या बहिणीची मुलं, लहानपणापासून इथेच वाढलेली. कमलाबाईंनी ठेवणीतली इरकल नेसून कांदेपोहे केले होते, वर खोबरं आणि कोथिंबीर. मधुमतीला वाटलं, आईला पाहुण्यांचं कौतुक आहे. विनायकला वाटलं, सासूबाईंना अखेर सॉफ्टबॉलची गोडी लागली.

निहारिका सोफ्यावर बसली आणि विनायकने कामाला सुरुवात केली.

"डोळ्यांना चष्मा?"

"नाही अंकल. लेन्स."

"खांदा, गुडघा, काही जुनं दुखणं?"

"नथिंग, अंकल. ऑल ओके."

कमलाबाईंना हे फारच रोखठोक वाटलं. त्यांच्या वेळी निदान आधी नाव विचारत.

"याआधी कुठे होतीस?" विनायकने विचारलं.

"दोन ठिकाणी. पहिल्या ठिकाणी जमलं नाही. आणि आता मामाकडे... दे नेव्हर लेट मी डू एनीथिंग लाह. नुसतं बाकावर बसवून ठेवतात."

कमलाबाई स्वयंपाकघरात धावल्या. "मधू, अगं त्या मुलीचं दोनदा मोडलंय."

"माहितीये," मधुमती खोबरं पेरत म्हणाली. "पण पळते फार छान."

"पळते?"

"विनायक म्हणतो, त्यासाठीच तर घेतोय."

कमलाबाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या, तर तिथे विनायक म्हणत होता, "ते राहू दे, आता जरा पळूनच दाखव."

"विनायकराव," कमलाबाईंना राहवेना. "आमच्या वेळी चालून दाखवायला लावायचे. तेही मला आवडलं नव्हतं."

"चालण्याचा काय उपयोग, आई? चालणारे आमच्याकडे भरपूर आहेत."

सगळे बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येऊन कठड्यावरून खाली वाकले. खाली ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत निहारिकाने बूट आवळले आणि चार खांबांना वळसे घालत अशी सुटली की दगडी टेबलाशी पत्ते खेळत बसलेल्या चिनी आजोबांनी पानं खाली ठेवली. विनायकच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. कमलाबाईंनी एका बाजूला होऊन उन्मेषला फोन लावला.

"उन्मेष, मुलगी बघितली रे. पण ती पळाली."

"कोणाबरोबर?" उन्मेषने झोपेतून विचारलं. नाशिकला अजून उजाडतच होतं.

"एकटीच. खांबांभोवती. तू फोन ठेवू नको, मला काही सुचत नाहीये."

निहारिका वर आली, सगळे आत पोह्यांकडे वळू लागले, तेवढ्यात लिफ्टचं दार पुन्हा उघडलं आणि विभा आणि वरद बाहेर आले. विनायकने दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं. दोघं एकाच लिफ्टने कसे आले, हा विचार त्याच्या मनात आला नाही. कमलाबाईंनी लेकीला दारातच धरलं. "साडी का नाही नेसलीस? तुझं ठरतंय. विनायकरावांनी तुला समीरच्या घरी दिलीय." विभा तरातरा आत गेली.

"भावोजी, तुम्ही मला देऊन टाकलंत?"

विनायक गडबडला. आईंनी सांगितलं वाटतं. "देऊन कुठे टाकलं गं? बदल्यात घेतोय ना आपण."

"मला न विचारता?"

"त्यात विचारायचं काय? अशा गोष्टी मोठी माणसं आपसांत ठरवतात."

"आणि मला नाही पटलं तर?"

"एक मोसम काढून बघ. नाहीच जमलं तर परत घेऊ. जगदीशची हरकत नाही."

"मुळीच नाही," जगदीश पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. "आमच्याकडे वर्षाला दोन-तीन तरी परत जातात."

कमलाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"आणि वरद?" विभाचा आवाज एकदम लहान झाला.

"त्यालाही तिकडेच देतोय. जगदीश म्हणतो, घ्यायचे तर दोघांना एकत्रच."

"एकाच घरात दोघं?" कमलाबाई म्हणाल्या. "मग हा समीर काय करणार?"

समीरच्या तोंडात पोह्यांचा घास होता. "मी मागे बसतो, आंटी," तो कसाबसा म्हणाला. "मी कॅचर, येईल ते झेलतो."

"बास," विभा म्हणाली. "मी समीरशी लग्न करणार नाही. मी वरदशी करणार आहे. आमचं ठरलंय. आई, मी तुला सांगणारच होते."

वरद भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. समीरने घास गिळला आणि मनापासून हुश्श केलं.

"लग्न?" विनायकने विचारलं. "कोणाचं लग्न? मी शॉर्टस्टॉपबद्दल बोलतोय."

मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. सगळ्यात आधी मधुमतीच्या पडला, कारण ती हसता हसता जमिनीवरच बसली. शेवटी कमलाबाईंच्या पडला. त्यांना वाईट वाटलं, राग आला, आणि त्या दोन्हींच्या खालून आनंदही वर आला. स्थळ कुठलं का असेना, लेकीने आपणहून लग्नाचा शब्द काढला होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू लगेच उन्मेषला फोन लावला असतास."

कमलाबाईंनी हातातला फोन पदराआड केला. पदराआडून आवाज आला, "आई, मी ऐकतोय. माझं काय झालं?"

त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. कमलाबाईंनी वरदला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, एक बशी भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. "पोहे खा. किती वाळलायस," त्या म्हणाल्या, आणि लग्न ठरलं.

विनायकला वाटलं, आपण सुटलो. पण विभा अजून त्याच्यासमोरच उभी होती. "म्हणजे लग्न नव्हतंच. तुम्ही मला संघातून काढत होतात."

"नव्याने बांधणी गं."

"हे तर जास्त वाईट आहे, भावोजी. हाताला फोड येईपर्यंत खेळले मी तुमच्यासाठी." तिने दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले, आणि तेव्हा विनायकला पहिल्यांदाच आपला नेम कुठे लागलाय ते कळलं. तो घाईघाईने नियम सांगू लागला: जुने खेळाडू द्यायचे, तरुण घ्यायचे, मगच संघ वर येतो.

"मला पटतंय," वरद म्हणाला. तो बोलला याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं. "फक्त सुरुवात सगळ्यात जुन्यापासून करावी लागेल ना, दादा?"

सगळ्यांच्या नजरा एका दिशेला वळल्या. विनायकने मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

विनायकलाच देऊन टाकायचं का, यावर मतदान लगेच झालं. मधुमतीने दोन्ही हात वर केले, पण एकच धरला. "मामा, मी येते काजव्यांत," निहारिका म्हणाली. "मला खेळायचंय." प्रश्न उरला जगदीशचा. त्याने विनायककडे, जुनी गाडी विकत घेताना बघतात तसं, चोहीकडून पाहिलं.

"विन्या मित्र म्हणून ठीक आहे," तो म्हणाला, "पण निहारिकाच्या बदल्यात नुसता विन्या? वर काहीतरी द्यावं लागेल."

"दर सामन्याला पोहे देईन," कमलाबाई म्हणाल्या. "मी इथे आहे तोवर."

"मग पक्कं," जगदीश म्हणाला आणि त्याने आणखी एक बशी पुढे केली.

नव्या मोसमाचा पहिलाच सामना काजवे विरुद्ध गरुड असा आला. जगदीशने विनायकला उजव्या कोपऱ्यात दूर उभं केलं, जिथे सहसा फक्त साळुंक्या येतात. निहारिका पळत होती, वरद फेकत होता, विभा अडवत होती, आणि शेवटच्या डावापर्यंत सामना बरोबरीत राहिला. मग विभाने असा फटका मारला की चेंडू उंच गेला आणि थेट विनायकच्या डोक्यावर येऊ लागला. त्याने हात वर केले, चेंडूखाली आला, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. चेंडू ग्लव्हमध्ये पडला, जरा बसला आणि बाहेर आला.

तोवर निहारिकाने धाव पूर्ण केली आणि काजवे जिंकले. विनायक दोन्ही हात उंचावून नाचायला लागला. गरुडांची जर्सी अंगावर आहे हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा सगळे गरुड त्याच्याकडे बघत होते. बाकावर कमलाबाईंशेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तो नाचतोय तो कोण?" "आमचे जावई," कमलाबाई पोह्यांचा डबा उघडत म्हणाल्या. "लेकी दिलेल्या ऐकल्यात, जावई दिलेला आमचाच पहिला."

संध्याकाळी विनायक सोफ्यावर पाय पसरून बसला होता. "मी म्हणालो नव्हतो? नव्याने बांधलं की संघ जिंकतो. माझा निर्णय..." तेवढ्यात फोन वाजला. हात पिठाचे असूनही कमलाबाईंनीच तो उचलला. पलीकडे जगदीश होता. विनायकला तुम्ही परत घ्याल का, असं तो विचारत होता. पोहे मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहावेत.

"नाही हो," कमलाबाई म्हणाल्या. "आमच्यात दिलेलं माणूस परत घेत नाहीत."